जुन्या म्युझियमला नवी विंग जोडताना सुरुवात कुठून करावी

बडोद्याच्याच एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष, थिसिसचा विषय कामाटीबागेतल्या म्युझियमला आधुनिक कलेची नवी विंग. ती लिहिते: "सर, तीन कन्सेप्ट करून झाले. एकात नवी इमारत जुनीसारखी, कमानींची. दुसऱ्यात सगळी काच. तिसऱ्यात सगळी दालनं जमिनीखाली. दर वेळी ज्युरी, म्हणजे परीक्षक, विचारतात, हेच का? मला उत्तर देता येत नाही. तुम्ही प्रत्यक्षात सुरुवात कुठून करता?"

मी या शहरात तीस वर्षांहून जास्त काळ काम करतो आहे. जुन्या इमारतीला जोडून नवं बांधण्याची कामं बरीच केली, त्यातली दोन चित्रसंग्रहांची होती. जे सांगतो ते त्या कामांतून शिकलेलं आहे.

तुझे तिन्ही कन्सेप्ट एकाच प्रश्नाला उत्तर देतात: बाहेरून कसं दिसेल? तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याची वेळ नंतर येते. मी सुरुवात करतो ती जुनी इमारत नव्या इमारतीला जिथे भेटते त्या दोन-तीन मीटरच्या जागेपासून. साइटवर आम्ही त्याला सांधा म्हणतो. जमिनीची पातळी, पाया, पावसाचं पाणी, एसीची हवा, उजेड, चित्र वाहून नेणारी गाडी, व्हीलचेअर, सगळं तिथूनच जातं. सांधा नीट सुटला की इमारतीचं निम्मं रूप आपोआप ठरलेलं असतं. मग ज्युरीला "हेच का" याचं उत्तर देणंही जड जात नाही.

आणि तुझ्या विषयाचं एक उत्तम उदाहरण तुझ्या साइटवरच उभं आहे. सयाजीराव महाराजांनी मेजर मँट आणि चिझम या वास्तुकारांकडून बांधून घेतलेली म्युझियमची इमारत १८९४मध्ये पुरी झाली. शेजारची पिक्चर गॅलरी १९०८मध्ये सुरू होऊन १९१४मध्ये बांधून झाली, पण उघडली १९२१मध्ये, कारण महायुद्धामुळे युरोपात घेतलेली चित्रं तिकडेच अडकून पडली होती. म्हणजे तू ज्याला "जुनी इमारत" म्हणतेस, तिच्यात एक विस्तार शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. तो कसा केला ते बघ. नवी इमारत जुनीला चिकटवली नाही. तिला तिचा पाया, तिच्या भिंती, तिचं छप्पर दिलं आणि दोघींना मधल्या छतबंद मार्गाने जोडलं. लोक तिथून व्हेलचा सांगाडा किंवा ममी बघायला घाईने जातात. तू तिथे थांब, टेप काढ आणि मोज.

मोजायची पहिली गोष्ट म्हणजे पातळी. जुन्या इमारतीचं ड्रॉइंग मिळालं तरी त्यातल्या पातळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. माझ्या पहिल्या चित्रसंग्रहाच्या कामात मी ठेवला होता. ड्रॉइंगमध्ये जुन्या दालनाची फरशी एका सपाटीत दाखवली होती. नवा स्लॅब पडला, दरवाजा फोडला, तेव्हा मिस्त्रींनी त्यांची पातळी तपासायची पाण्याची नळी दोन्हीकडे धरली आणि काही न बोलता मला नळीतलं पाणी दाखवलं. जुनी फरशी त्या कोपऱ्यात जवळजवळ चार सेंटिमीटर खाली बसलेली होती. ऐंशी-नव्वद वर्षांत बसली असणार. चार सेंटिमीटर म्हणजे पायरी नाही आणि सपाटही नाही, माणूस हमखास अडखळतो. आम्ही तिथे उतरती पट्टी केली. पुढे एकदा चित्राची गाडी त्या पट्टीवर अडली, पुढची दोन चाकं थांबली, मागून ढकलणाऱ्याला कळलं नाही आणि फ्रेमचा खालचा कोपरा भिंतीला लागला. कॅनव्हासला काही झालं नाही. पण तो आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून मी कागदावर रेघ मारण्याआधी मिस्त्री आणि नळी घेऊन जातो. लेसरचं मशीन आता आहेच, पण नळी खोटं बोलत नाही यावर आमच्याकडे अजून सगळ्यांचा विश्वास आहे.

पातळीचा दुसरा हिशोब रॅम्पचा. व्हीलचेअरसाठी उतार १:१२ धरतो. दोन फरश्यांत ९० सेंटिमीटरचा फरक राहिला तर १०.८ मीटर लांबीचा रॅम्प लागेल, शिवाय मधलं सपाट थांबायचं ठिकाण. एवढी जागा नंतर कुठून आणणार? म्हणून जिथे शक्य आहे तिथे जुन्या जोत्याची पातळी हीच नव्या मुख्य मजल्याची पातळी. एवढा एक निर्णय घेतलास तरी तुझं सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, उभं राहायला लागेल.

पाया आणि हादरे यांच्याबद्दल थोडक्यात, कारण यात मतभेदाला जागा नाही. जुनी इमारत विटा-चुन्याची, तिची बसायची तेवढी बसून झाली आहे. नवी आरसीसीची, ती पहिली काही वर्षं बसत राहणार, आणि आपल्या भागात काळ्या मातीचे पट्टे असल्यामुळे ही माती पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आक्रसणार. बडोदा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं. हादऱ्यात दोन इमारती वेगवेगळ्या ठेक्यात हलतील. तेव्हा नव्या इमारतीने जुनीच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही. जोडमार्गाचा भार नव्या बाजूनेच उचलायचा, जुन्या बाजूला तो नुसता टेकवायचा, तोही सरकत्या बेअरिंगवर. नवं खोदकाम जुन्या पायापासून निदान खोदाईच्या खोलीइतकं दूर. फरशीतल्या फटीवरची धातूची पट्टी एकाच बाजूला स्क्रूने बसवायची, दुसरी कड मोकळी. ठेकेदाराचा माणूस ती दोन्ही बाजूंना घट्ट करून टाकतो, कारण त्याला ती हललेली आवडत नाही. मग पहिल्या वर्षीच शेजारची फरशी तडकते. तू स्वतः उभी राहून बघ.

आता ज्यात मी स्वतः चुकलो ते सांगतो, कारण तुझा काचेचा कन्सेप्ट तिथेच जातो आहे.

दुसऱ्या कामात आम्ही दोन इमारतींमध्ये काचेचा मार्ग केला होता. दिसायला फार सुंदर. जुनी दगडी कड आणि नवी पांढरी भिंत यांच्यात नुसता उजेड. उद्घाटन हिवाळ्यात झालं, सगळ्यांनी कौतुक केलं. जुलै आला आणि काच घामेजली. तीही बाहेरून. कारण साधं होतं. नव्या दालनांत चित्रांसाठी २३ अंश ठेवलेले, आणि मार्ग त्याच एसीवर. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणारच. ते पाणी रोज रात्री काचेवरून ओघळून खाली जुन्या भिंतीच्या बुडाशी जायचं. सप्टेंबरपर्यंत चुन्याचा गिलावा फुगला, हात लावला की पापुद्रा निघायचा, मागून पांढरा लोणा दिसायचा. जुन्या भिंतीने शंभर पावसाळे काढले होते. आमच्या एका पावसाळ्यात तिला हे झालं.

उपाय करायला दुसरं वर्ष गेलं. काच काढली. मार्गातला एसी बंद केला. दोन्ही बाजूंना वीट आणि लाकडाची जाळी, वर खोल पागोळी. नव्या दालनाच्या तोंडाशी दोन दरवाज्यांची छोटी खोली केली, एक बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही अशी. म्हणजे थंड हवा नव्या इमारतीत राहिली आणि जुनी इमारत पुन्हा तिच्या हवेत श्वास घ्यायला लागली. हे करून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण नवीन काही केलं नाही, वाड्याची देवडी आणि ओसरी केली. आमचं लहानपण दांडिया बाजारच्या वाड्यात गेलं. रस्त्यावरचं ऊन, मग देवडीतली सावली, मग चौकाचा उजेड, मग ओसरी, आणि शेवटी माजघरातला अंधुक गारवा. एकदम कुठेच बदल नाही. माणसाचं अंग आणि डोळे दोन्ही टप्प्याटप्प्याने आत येत. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा, एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं असलेला, पुरातत्त्व खात्याने जपलेला, तो पुन्हा एकदा या नजरेने बघून ये. चित्रं बघच, पण दारातून त्या चित्रांपर्यंत जाताना उजेड किती वेळा बदलतो ते मोज.

डोळ्यांचा मुद्दा नुसता सुखाचा नाही. उजेड लक्समध्ये मोजतात. कागदावरच्या आणि कापडावरच्या कामाला ५० लक्सच्या वर उजेड द्यायचा नाही, तैलचित्राला साधारण १५० ते २००. बाहेर आपल्या दुपारच्या उन्हात १ लाख लक्स असतात. म्हणजे माणूस दोन हजार पट कमी उजेडात शिरतो. थेट शिरला तर त्याला दालन काळोखं वाटतं, मग तक्रार येते, मग क्युरेटरवर दबाव येतो आणि दिवे वाढतात. आणि उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, परत भरून येत नाही. तोच माणूस चार-पाच मिनिटं ओसरीतून, जाळीतून, वळणातून चालत आला तर ५० लक्समध्येही त्याला रेघ न रेघ दिसते. तेव्हा तुझा सांधा जरा लांब असू दे. थिसिसमध्ये ती लांबी समर्थनासकट मांड.

इथे कलेचा विचार करावाच लागेल, कारण "आधुनिक कला" म्हणजे एकसारखी दालनं नव्हेत. आपल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीकडेच बघ. १९५०मध्ये सुरू झाली, चित्रकला विभागात मूळचे इंदूरचे बेंद्रे, शिल्पात शंखो चौधुरी, मग सुब्रमण्यन, पुढे भूपेन खख्खर, गुलाम मोहम्मद शेख, नसरीन मोहमदी अशी माणसं या शहरात काम करत होती. नसरीनबाईंची शाई-पेन्सिलची रेखाटनं बघायची तर माणसाने हातभर अंतरावर उभं राहायला हवं, शांतता हवी, उजेड मंद हवा, आणि तीन-चार महिन्यांनी ती कामं काढून अंधारात विश्रांतीला ठेवायला हवीत. खख्खरांच्या मोठ्या तैलचित्रासाठी पाच-सहा मीटर मागे सरकायला जागा हवी. ब्राँझच्या शिल्पाला बाजूचा दिवसाचा उजेड हवा आणि खाली भार पेलणारी फरशी हवी. दालनाच्या स्लॅबला चौरस मीटरला ४०० किलो धरतात, शिल्पाच्या दालनासाठी मी स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याहून बरंच जास्त मागतो आणि कुठे ठेवणार तेही आधी दाखवतो. व्हिडिओला काळोख आणि आवाज अडवणाऱ्या भिंती हव्यात. भिंतीच्या बोर्डामागे १८ मिलिमीटरचं प्लायवूड सगळीकडे लाव. उद्या क्युरेटर कुठेही खिळा मारेल, त्याला विचारत बसायला लागू नये.

उजेड वरून घ्यायचा असेल तर एक गोष्ट पुस्तकात वाचून फसू नकोस. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांत उत्तरेचा उजेड सुरक्षित मानतात, कारण तिथे सूर्य मध्यान्ही कधीच उत्तरेला जात नाही. बडोदा २२.३ अंश उत्तरेला, कर्कवृत्ताच्या खाली. आपल्याकडे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेला असतो. आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य उगवतो आणि मावळतो पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेलाच. उत्तरेची उभी काच उघडी ठेवलीस तर सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन थेट भिंतीवरच्या चित्रावर येईल. उभ्या फळ्या लागतील, आणि त्यांची खोली आणि अंतर तुला सूर्याच्या कोनावरून काढावं लागेल. छतात आडवी काच तर टाकूच नकोस. आपला पाऊस आणि आपली धूळ, दोन्ही तिथे साचतात.

जमिनीखालच्या कन्सेप्टबद्दल मी ठाम आहे. कामाटीबाग विश्वामित्रीच्या काठावर आहे. ३१ जुलै २०१९ला या शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४मध्ये नदीने ३५ फुटांच्या वर पातळी गाठली, धोक्याची पातळी २५ फूट मानतात. आपण सगळ्यांनी घरांत पाणी बघितलं आहे, रस्त्यावर मगरी बघितल्या आहेत. अशा जागी तळघरात दालनं किंवा भांडार म्हणजे कोणाच्या तरी आयुष्याचं काम पाण्याच्या हवाली करणं. न्यूयॉर्कमध्ये व्हिटनी म्युझियमची नवी इमारत बांधत असताना २०१२च्या सँडी वादळात तळघर भरलं. त्यांनी नंतर पूर अडवणारी दारं आणि भिंती यांसाठी डिझाइन बदललं, इमारत २०१५मध्ये उघडली. लूव्र म्युझियमने सीन नदीच्या पुराच्या भीतीने आपलं भांडार पॅरिसपासून दूर लिएव्हँला नेलं, २०१९मध्ये. त्यांच्याकडे पैसा आणि यंत्रणा असूनही त्यांनी हे केलं. तुझ्या विंगमध्ये भांडार पहिल्या मजल्यावर असू दे, विजेचे पॅनेल आणि जनरेटर वर असू देत, आणि तळमजल्यावर फक्त ते ठेव जे ओलं झालं तर पुसून घेता येईल: तिकीट, बसायची जागा, कार्यशाळा, चहा.

हे एकदा ठरलं की मालवाहू लिफ्ट अपरिहार्य होते, आणि मग ट्रकपासून भिंतीपर्यंतचा रस्ता काढावा लागतो. तो एका वेगळ्या रंगाने काढ. छपराखाली ट्रक उभा राहील का? पावसात क्रेट, म्हणजे चित्राची पेटी, उतरेल का? दार निदान तीन मीटर उंच आहे का? वळणावर अडीच मीटरचा कॅनव्हास फिरेल का, की दालनात नेऊन मग ताणावा लागेल? क्रेट उघडण्याआधी तो चोवीस तास आतल्या हवेत ठेवायची खोली कुठे आहे? जुन्या इमारतीतून नव्या विंगमध्ये येणाऱ्या चित्रालाही हाच नियम, कारण दोन्ही बाजूंची हवा वेगळी. नवख्यांच्या प्लॅनमध्ये ही खोली कधीच नसते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, दालन तयार झाल्यावर सर्वांत मोठं चित्र खिडकीची चौकट काढून आत घ्यावं लागलं होतं.

एसीबद्दल एकच सांगतो. रात्री बिल वाचवायला बंद करणार असाल तर नसलेला बरा. रोज वर-खाली होणारी आर्द्रता कॅनव्हासला स्थिर पण थोड्या जास्त आर्द्रतेपेक्षा जास्त त्रास देते. हल्ली जगभर संग्रहालयं ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश एवढा मोकळा पट्टा मानायला लागली आहेत. आपल्यासारख्या हवेत हे मोठं वरदान आहे. जाड भिंती, दुहेरी छत, पश्चिमेला जिने आणि भांडार ठेवून यंत्राचं काम कमी कर, म्हणजे ते रात्रंदिवस चालवणं परवडेल.

आता दिसण्याकडे येऊ. जुन्यासारखं की वेगळं? जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या व्हेनिस सनदेचं म्हणणं तू अभ्यासलं असशील: भर घातली तर ती मूळ इमारतीच्या समतोलाला आणि परिसराला बाधा आणणारी नसावी, आणि नवं काम आपल्या काळाचं म्हणून ओळखू यावं. मला ते पटतं. पण त्यातून रूप मिळत नाही. रूप कसं मिळतं याची दोन उदाहरणं देतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीची सेन्सबरी विंग, व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांची, १९९१ची. जुन्या दर्शनी भिंतीवरचे अर्धस्तंभ त्यांनी नव्या भिंतीवर घेतले, सांध्याजवळ दाटीने, आणि जुनीपासून दूर जाल तसे विरळ. जुनीची लय पुढे चालू ठेवली आणि हळूहळू सोडून दिली. मधला जोड पुलासारखा आहे आणि चित्रांचा मजला जुन्या मजल्याच्या पातळीला आणला आहे. दुसरं, कॅन्सस सिटीचं नेल्सन-अ‍ॅटकिन्स. १९३३च्या भारदस्त दगडी इमारतीशेजारी स्टीव्हन हॉलने २००७मध्ये पाच दुधी काचेचे ठोकळे उतारावर पसरले, दालनं त्यांच्या खाली. जुनीच्या दर्शनाला कुठेच हात लावला नाही. दोन्हींचं दिसणं टोकाचं वेगळं, पण दोघांनीही आधी जुनी इमारत कुठे संपते आणि आपण कुठे सुरू होतो ते ठरवलं आहे. हॉलचं जमिनीखाली जाणं तिथल्या उतारावर चालतं. नदीकाठी नाही.

तुझ्या जागेसाठी मला काय सुचतं ते सांगतो, घ्यायचं की नाही ते तू ठरव. नवी इमारत जुनीच्या घुमटांपेक्षा बरीच ठेंगणी. भाजक्या विटेची, कारण ती बडोद्याच्या हातात बसलेली आहे आणि पावसाने डागाळली तरी वाईट दिसत नाही. कमानी नकोत. जाळीचा जोडमार्ग जरा वाकडा, मोठी झाडं सोडून जाणारा. नव्या विंगच्या दुसऱ्या टोकाला एक दार भिंतीत तयार करून ठेव, आतून बंद, कारण पन्नास वर्षांनी कोणीतरी तुझ्या विंगलाही जोडायला येईल, आणि त्याला तुझी भिंत फोडावी लागू नये. परवानग्यांचा भाग मी इथे वाढवत नाही. फक्त संरक्षित स्मारक जवळ आहे का ते पहिल्या दिवशी तपास, कारण शंभर मीटरच्या आत नवं बांधता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरला वेगळी परवानगी लागते.

पुढच्या ज्युरीआधी एवढं कर. एकदा भर दुपारी आणि एकदा भर पावसात साइटवर जा. जुन्या इमारतीच्या बुडाशी पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते वहीत काढ. मग सांध्याचं १:२०चं सेक्शन काढ: डाव्या हाताला जुनी वीट, उजव्या हाताला नवी, मधली फट, वरची पत्र्याची टोपी, खालची एका बाजूने मोकळी पट्टी, दोन दरवाजे, आणि त्यातून जाणारी चित्राची गाडी, चाकांसकट. ते घेऊन ऑफिसमध्ये ये. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो, आणि त्या वेळी आमचे मिस्त्रीही असतात. सेक्शन आधी त्यांना दाखव.